स्पिटफायर नको, मोहॉक द्या!

सिनेमात असतात तसे विमानांच्या दुनियेतही नायक असतात आणि नायकाच्या मागे गर्दीत उभे राहणारेही असतात. दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान म्हटले की स्पिटफायर, मेसरश्मिट, मस्टँग आणि जपानी झीरो ही चार नावे ओळीने तोंडात येतात. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती करण्याचा जो छंद आहे, त्याच्या दुकानातही हीच मंडळी दर्शनी फळीवर बसलेली दिसतात. एकट्या स्पिटफायरची किट आजवर किती कंपन्यांनी किती आकारांत काढली, याची मोजदाद करायची तर तोच एक स्वतंत्र छंद होईल.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. किट म्हणजे पुठ्ठ्याचा एक खोका. आत राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि डहाळीला कैऱ्या लगडाव्यात तसे त्या चौकटींना लगडलेले विमानाचे भाग. पंख, शेपटी, चाके, वैमानिकाची नखाएवढी खुर्ची. हे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. शेवटी विमानावरची चिन्हे आणि आकडे छापलेला कागद पाण्यात भिजवायचा आणि एकेक चिन्ह अलगद सरकवून जागेवर बसवायचे. त्यांना डिकल म्हणतात. एवढेच. यात कौशल्य लागते, पण त्याहून चिकाटी जास्त लागते. आणि सगळ्यात कठीण काम कोणते विचाराल, तर खोका विकत घेण्यापूर्वी तो निवडण्याचे.

आमच्याच इमारतीत एक निवृत्त इंजिनिअर आजोबा राहतात. त्यांचा सातवीतला नातू दर मे महिन्यात मुक्कामाला येतो आणि दोघे मिळून एक विमान जोडतात. तीन सुट्ट्यांत तीन स्पिटफायर झाली. चौथ्या वर्षी नातवाने बंड केले. त्याला असे विमान हवे होते की वर्गातल्या कुणीही त्याचे नाव ऐकलेले नसेल. आजोबांची अट निराळी. विमान कोणतेही चालेल, पण त्याचा आपल्या मातीशी काहीतरी संबंध हवा, “परक्यांच्या लढाया किती वर्षे रंगवायच्या?” हे त्यांचे म्हणणे. शिवाय ते लढाऊ विमानच हवे, बॉम्बर नको, ही दोघांची सामायिक अट. तिच्यामुळे आपल्या हवाई दलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रनने ब्रह्मदेशच्या मोहिमेत वापरलेले व्हल्टी व्हेंजन्स बाद झाले. ते सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान.

मी त्यांना मोहॉकचे नाव सुचवले. दोघांनीही ते ऐकलेले नव्हते. म्हणजे नातवाची अट तर जागेवरच पुरी झाली.

मोहॉक हे त्याचे इंग्रजी नाव. मूळ नाव कर्टिस हॉक ७५. अमेरिकेच्या कर्टिस कंपनीतले अभियंते डोनोवन बर्लिन यांनी ते आखले आणि मे १९३५ मध्ये ते प्रथम उडाले. अमेरिकी लष्कराने ते पी-३६ या नावाने घेतले. गोल, बोथट नाक, हवेने थंड होणारे इंजिन, संपूर्ण धातूचे अंग, मिटणारी चाके. १९३५ साली, जगातली बरीच लढाऊ विमाने दुहेरी पंखांची होती तेव्हा, हे विमान चांगले आधुनिक होते. त्याची चाके मागे मिटताना नव्वद अंशांत वळून पंखात आडवी झोपत. ही युक्ती बोइंग कंपनीच्या पेटंटातली असल्यामुळे कर्टिसला तिच्यासाठी पैसे मोजावे लागत. याच सांगाड्यावर पुढे लांबट, पाण्याने थंड होणारे इंजिन बसवले आणि त्यातून पी-४० जन्माला आले. शार्क माशाचे दात रंगवलेले ते विमान अनेकांनी चित्रांत पाहिले असेल. घर थोरल्या भावाने उभे करावे आणि नाव धाकट्याने काढावे, त्यातला हा प्रकार.

वेगात हॉक मागे पडले. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास त्याची मजल संपे आणि स्पिटफायर त्याच्या बरेच पुढे जाई. पण १९४० च्या सुरुवातीला इंग्रजांनी फ्रान्सकडून एक हॉक उसने आणून स्पिटफायरशी तुलना करून पाहिली, तेव्हा त्यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. मोठ्या वेगाने सूर मारताना स्पिटफायरचा दांडा हलवायला वैमानिकाचा घाम निघे, हॉकचा मात्र सहज वळे. हातात येणारे, शब्द ऐकणारे विमान अशी त्याची ख्याती वैमानिकांत होती. विमानांच्या इतिहासात वेगाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातात. हाताला जाणवणारे गुण तळटिपेत राहतात.

आता या विमानाची खरी गंमत सांगतो, कारण किट निवडताना तिच्याशीच गाठ पडते. हॉक ७५ इतक्या देशांच्या झेंड्यांखाली उडाले, की ते कोणाचे असा प्रश्न विचारला तर उत्तर देता येत नाही. युद्ध तोंडावर आले आणि फ्रान्सचे स्वतःचे कारखाने पुरे पडेनात, म्हणून फ्रान्सने १९३८ मध्ये अमेरिकेकडे हॉकची मागणी नोंदवली. ८ सप्टेंबर १९३९ रोजी फ्रेंच हॉक विमानांनी दोन मेसरश्मिट पाडली, आणि पश्चिम आघाडीवर दोस्तांच्या लढाऊ विमानांचा तो पहिला विजय ठरला. एदमाँ मारँ ला मेस्ले हा फ्रान्सचा नामांकित वैमानिक याच विमानावर नावारूपाला आला. देश जर्मनांनी घेतल्यावर परागंदा झालेले काही झेक वैमानिकही फ्रान्समध्ये याच विमानात बसून लढले.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. जी विमाने अजून पोचायची होती ती ब्रिटनकडे वळवली गेली आणि त्यांचे बारसे मोहॉक असे झाले. जर्मनांच्या हाती जी लागली, त्यांतली काही त्यांनी फिनलंडला विकली. नॉर्वेने मागवलेली काही तर खोक्यांतच सापडली होती. फिनलंडने अशी ४४ विमाने रशियाविरुद्ध वापरली. डच लोकांची हॉक जावा बेटाच्या रक्षणासाठी झीरोंशी भिडली आणि १९४२ च्या पहिल्या काही आठवड्यांत संपली. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला तेव्हा ज्या मोजक्या अमेरिकी वैमानिकांना उड्डाण करता आले, त्यांत फिलिप रासमुसेन हा लेफ्टनंट अंगावरच्या रात्रीच्या पायजम्यानिशीच पी-३६ मध्ये चढला होता. अमेरिकेत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात त्या विमानाशेजारी पायजमा घातलेला पुतळा उभा केला आहे. पायजमा हा शब्द इंग्रजीला आपल्याकडूनच गेला, पण तेवढ्यावर आजोबांची अट पुरी झाली असती असे नाही.

आणि सगळ्यात विलक्षण दिवस ८ नोव्हेंबर १९४२ चा. अमेरिकी सैन्य मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरत होते. त्यांना अडवायला कासाब्लांकाहून फ्रेंच विमाने उडाली. पराभूत फ्रान्सच्या विशी सरकारची ही विमाने होती हॉक, म्हणजे अमेरिकेत बनलेली. त्या तुकडीचे नाव होते लाफायेत आणि तिच्या विमानांवर रेड इंडियन योद्ध्याचे मस्तक रंगवलेले असे. ते बोधचिन्ह आले होते पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या तुकडीकडून. अमेरिकी विमान, अमेरिकी स्वयंसेवकांचे बोधचिन्ह, आणि समोर शत्रू म्हणून अमेरिकेचीच वाइल्डकॅट विमाने! कादंबरीत कुणी असे लिहिले तर आपण लेखकाला नावे ठेवू.

म्हणून हॉकचे किट घेणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो रंगाचा किंवा गोंदाचा नसतो. कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हा असतो. स्पिटफायरवाल्याला हा प्रश्न सहसा पडत नाही.

आता भारताचा संबंध. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या पाचव्या स्क्वाड्रनला मोहॉक मिळाली, तीही कलकत्त्याच्या डमडमला. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि आसाम ही आघाडी झाली. ऑगस्ट १९४२ पासून १५५ व्या स्क्वाड्रनलाही मोहॉक मिळाली. युरोपात ज्यांना आता कुणी विचारत नव्हते, ती ही विमाने ईशान्य भारताच्या आकाशाची राखण करत होती, ब्लेनहाइम बॉम्बरांना सोबत करत ब्रह्मदेशात जात होती. १५५ व्या स्क्वाड्रनने १९४४ च्या आरंभी मोहॉकच्या जागी स्पिटफायर घेतली, तोवर हे चालू होते. यांतली काही विमाने आली कुठून म्हणाल, तर इराणातून. इराणने दहा हॉक मागवली होती. १९४१ मध्ये ब्रिटिश आणि रशियन फौजा त्या देशात शिरल्या, तेव्हा ती खोक्यांतून बाहेरही निघालेली नव्हती. इंग्रजांनी खोके उचलले आणि भारतात आणले.

इथवरची हकिगत आजोबांनी ऐकून घेतली. पण त्यांच्या डोळ्यांत चमक आली ती बंगलोरचे नाव निघाल्यावर.

सोलापूरचे वालचंद हिराचंद हे नाव मराठी माणसाला नवे नाही. जहाज, मोटार आणि विमान या तिन्ही गोष्टी या देशात बनल्या पाहिजेत असा ध्यास घेतलेला हा उद्योगपती. १९३९ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी गृहस्थाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. त्या ओळखीतून, आणि म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल दिल्यामुळे, डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. आज आपण जिला एचएएल म्हणतो तिचे हे मूळ. १९४१ च्या एप्रिलमध्ये सरकारने या कंपनीला ४८ हॉक विमानांची मागणी दिली. यंत्रसामग्री आणि साहित्य अमेरिकेहून यायचे होते, आणि समुद्रमार्ग युद्धाने वेढलेले होते.

पहिले हॉक ३१ जुलै १९४२ रोजी बंगलोरच्या आकाशात उडाले. पण तोवर वालचंद त्या कंपनीत राहिलेले नव्हते. जपान दाराशी आल्यावर सरकारने एप्रिल १९४२ मध्ये त्यांचा हिस्सा विकत घेऊन कारखान्याचा कारभार आपल्या हाती घेतला होता. त्या वेळी नवी विमाने बांधण्यापेक्षा आघाडीवरून येणाऱ्या विमानांची दुरुस्ती निकडीची होती. पहिल्यानंतर आणखी चार हॉक पुरी झाली आणि काम थांबले. ४८ पैकी पाच. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात जाऊन दुरुस्तीच्या कामाला लागला.

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हेच घ्यायचे. आणि पंखावर आपले चक्र काढायचे.”

“तसे नव्हते ते,” नातू म्हणाला. “तेव्हा इंग्रजांचे राज्य होते.”

यावर आजोबा-नातवात जो वाद झाला तो दोन दिवस पुरला. मला विचाराल तर या साऱ्या निवडीत कस लागला तो इथेच. आजोबांची बाजू भावनेची होती. पण पोकळ नव्हती. विमान या देशात बांधले, या देशातल्या कामगारांनी बांधले, कारखान्याची कल्पना आपल्या माणसाची. मग त्याच्यावर परक्याची वर्तुळे का? नातवाचे म्हणणे सरळ होते. मॉडेल करायचे तर खरे करायचे, नाहीतर खेळण्यांच्या दुकानातून काहीही आणावे. मी नातवाच्या बाजूचा. इतिहासावर आपल्या आवडीचा रंग फासण्याची हौस मोठ्या प्रमाणावर कुठे कुठे चालते ते आपण पाहतोच. निदान सहा इंचांच्या विमानावर तरी ती नको. ज्यांना स्वतंत्र भारताचेच चिन्ह हवे आहे त्यांनी हॉकर टेम्पेस्ट घ्यावे. १९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत आपल्या हवाई दलाने ते वापरले, आणि तेही काही फार ऐकलेले नाव नाही. आजोबांपुढे मी हाही पर्याय ठेवला. पण एव्हाना त्यांच्या मनात वालचंद आणि ती पाच विमाने घर करून बसली होती.

मोहॉक ठरले. आता कोणते किट?

इथे पहिला सापळा आहे, आणि तो विमानाच्या नाकात आहे. हॉक ७५ दोन वेगवेगळ्या इंजिनांवर उडाले. अमेरिकी पी-३६ आणि फ्रेंचांची पहिली हॉक यांना प्रॅट अँड व्हिटनीचे ट्विन वास्प इंजिन होते. त्यात चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन कड्यांत एकामागे एक. भारतात आलेल्या मोहॉक ४ ला राइट कंपनीचे सायक्लोन इंजिन होते. त्यात नऊ सिलिंडर, एकाच कड्यात. त्यामुळे सायक्लोनवाल्या विमानाचे नाक आखूड आणि घेराने मोठे दिसते. बाजारातली बरीच किट पी-३६ ची आहेत, कारण पर्ल हार्बरचे नाव विकले जाते. ते किट आणून त्यावर आसामची चिन्हे चिकटवली तर विमान दिसेल छान, पण धोतराखाली बूट घातल्यासारखे होईल. तेव्हा खोक्यावरच्या चित्रावर भुलू नये. आतल्या भागांचा नकाशा मागून घ्यावा, इंजिन शोधावे आणि सिलिंडर मोजावेत. नऊ भरले तर पुढे बोलावे. खोक्यावर ‘ए-४’ किंवा ‘मोहॉक ४’ असे लिहिले असेल तरीही मोजावेतच. नातवाने दुकानात हे केले तेव्हा काउंटरवरचा माणूस चकित होऊन बघत राहिला.

दुसरी गोष्ट आकाराची. या छंदात तीन मापे मुख्य. १:७२, १:४८ आणि १:३२. ही विचित्र मापे आली इंच-फुटांतून. सहा फुटांना एक इंच धरला की १:७२ होते आणि एका फुटाला पाव इंच धरला की १:४८. १:७२ ला युद्धाचाच वारसा आहे. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून या मापाची हजारो लाकडी विमाने करून घेतली, सैनिकांना शत्रूचे विमान लांबून ओळखता यावे म्हणून. पस्तीस फुटांवर धरलेले असे मॉडेल साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढे दिसते. गुणाकार करून पाहा.

मोहॉकच्या पंखांचा पसारा ११.३८ मीटर. म्हणजे १:७२ मध्ये ते भरेल १५.८ सेंटिमीटर, पोस्टकार्डाहून थोडेसे जास्त. १:४८ मध्ये २३.७, आणि १:३२ मध्ये साडेपस्तीस, म्हणजे फूटपट्टीहून लांब. मोठ्या मापात कॉकपिटमधली घड्याळे दिसतात, रंगाला वाव मिळतो, हे खरे. पण आपल्या घरांत शोकेसची एक फळी असते आणि तिच्यावर आधीच बक्षिसाचे कप, ताजमहाल आणि कुणाच्या तरी लग्नातली गणेशमूर्ती विराजमान असते. मी १:७२ चाच पक्षपाती आहे. एका फळीवर दहा विमाने बसतात, पैसे कमी लागतात, आणि चूक झाली तर चारचौघांत दिसत नाही.

तिसरी गोष्ट साच्याची, आणि अनोळखी विमानांच्या बाबतीत हीच सर्वांत महत्त्वाची. पोलादी साचा कोरून घ्यायला अतोनात खर्च येतो. तो भरून निघायला हजारो खोके खपावे लागतात. स्पिटफायरचे खपतात, मोहॉकचे नाही. म्हणून अनोळखी विमाने मुख्यतः दोन मार्गांनी मिळतात. एक, जुन्या काळचे साचे. अमेरिकेच्या मोनोग्राम कंपनीचे पी-३६ साठच्या दशकातले, फ्रान्सच्या हेलरचेही हॉक आहे. या जुन्या किटांत भाग थोडे, जोडायला सोपे. पण पत्र्यांचे सांधे खोदलेले असण्याऐवजी वर उठून आलेले असतात, आणि पॉलिश पेपरचा एक हात फिरला की नाहीसे होतात. दुसरा मार्ग, छोट्या कंपन्यांचे कमी खर्चाचे साचे. यांत झेक प्रजासत्ताकाने नाव काढले आहे. स्पेशल हॉबी आणि तिचेच भावंड असलेले अझूर यांनी हॉक १:७२ आणि १:३२ या दोन्ही मापांत काढले. १:४८ मध्ये कॅनडाच्या हॉबीक्राफ्टचे आहे. छोट्या कंपन्यांच्या किटात बारकावे उत्तम असतात, पण पंख धडाला जोडताना नेमकी खाच आणि खुंटी असेलच असे नाही. डोळ्यांनी अंदाज घ्यावा लागतो. भेगा राहतात, त्यांत लांबी भरावी लागते. मोटारीचा पोचा काढणारा पेंटर भरतो तीच कला, फक्त टाचणीच्या टोकाने.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे. पहिलेच किट असेल, मूल आठ-नऊ वर्षांचे असेल, तर हा लेख बाजूला ठेवून सरळ एअरफिक्सचे छोटे स्पिटफायर आणा. त्यात कमीपणा नाही. (मधल्या काही वर्षांत एअरफिक्सच्या बऱ्याच खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ असे छापलेले असे, हेही आजोबांना सांगून पाहिले होते.) तीन-चार विमाने हाताखालून गेली असतील तर छोट्या कंपनीच्या वाटेला जावे. अर्धवट सोडलेले अवघड किट मुलाचा छंदच संपवते. अशी कितीतरी विमाने माळ्यावर पंखाविना पडलेली मी पाहिली आहेत.

डिकल नीट पाहून घ्यावेत. जुन्या खोक्यातले डिकल पिवळे पडतात. त्यावर एक घरगुती उपाय आहे. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काही दिवस उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवायचा. पिवळेपणा बराच उतरतो. आपल्या मे महिन्याचे ऊन कधी नव्हे ते कामाला येते. आणि फिनलंडच्या हॉकचे डिकल निघाले तर घरात एक संभाषण करण्याची तयारी ठेवावी. त्यावर निळे स्वस्तिक असते. फिनलंडच्या हवाई दलाने ते १९१८ मध्ये घेतले, एका स्वीडिश उमरावाने भेट दिलेल्या विमानावर ते शुभचिन्ह म्हणून होते म्हणून. नाझींशी त्याचा उगम जोडलेला नाही. १९४५ मध्ये त्यांनी विमानांवरून ते काढले. उंबऱ्यावर स्वस्तिक काढणाऱ्या घरातल्या मुलाला हे सांगायला सोपे जाईल असे वाटते, पण जर्मनीत विकल्या जाणाऱ्या खोक्यांतून हे चिन्ह का वगळतात, हेही त्याच बैठकीत सांगावे लागते. तिथे आजीने दिव्याशी बसून अर्धा तास सांगितले, ते आम्हा दोघा पुरुषांना जमले नसते.

रंग आणि गोंद यांचे थोडक्यात. पेट घेणाऱ्या रंगाच्या बाटल्या कुरिअरवाले सहसा नेत नाहीत. तेव्हा किट परगावाहून मागवले तरी रंग गावातच शोधावा. गोंद उघड्या खिडकीपाशी वापरावा. पावसाळ्यात चमकदार लॅकर मारू नये, दमट हवेत त्यावर पांढरट साय धरते. मे महिन्याचे काम मेमध्येच संपवावे.

आणि शेवटी तारीख. विमान निवडले, इंजिन मोजले, माप ठरले, तरी कोणत्या दिवसाचे विमान करायचे हे ठरल्याशिवाय डिकलला हात लावता येत नाही. ब्रिटिश वर्तुळात मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानावर लाल सूर्य. घाईच्या लढाईत लाल दिसले की गोळी सुटे, आणि ती आपल्याच माणसाला लागण्याचा धोका होता. म्हणून १९४३ च्या मध्यापासून या आघाडीवरच्या विमानांवरून लाल रंगच काढून टाकला. वर्तुळात उरला गडद आणि फिका निळा. म्हणजे मोहॉकवर लाल ठिपका असेल तर ते १९४३ च्या मध्याआधीचे, आसामच्या पहिल्या कठीण दिवसांतले. नसेल तर नंतरचे.

आजोबा-नातवाने १९४२ निवडले. वर पाचोळ्यासारखा तपकिरी आणि गडद हिरवा, पंखांवर लाल ठिपक्याची वर्तुळे, पाचव्या स्क्वाड्रनची अक्षरे. नातवाने एक शंका काढलीच. पाचव्या स्क्वाड्रनचे विमान म्हणजे बंगलोरला बांधलेले नव्हे. मग आजोबांच्या पाच विमानांचे काय? आजोबांनी यावर तोड काढली. विमान आसामचेच करायचे आणि खाली लाकडी पट्टीवर एक कार्ड लावायचे. कार्डावर त्यांनी लिहिले, “कर्टिस मोहॉक ४. आसाम, १९४२. या जातीची पाच विमाने बंगलोरला बनवली गेली.”

नातवाने ‘बनवली’ खोडून ‘जोडली’ केले. आजोबांनी ते पुन्हा खोडले. सध्या कार्डावर पेन्सिलीने दोन्ही शब्द आहेत, विमानाची चाके बसवायची राहिली आहेत, आणि शाळा सोमवारी सुरू होते आहे.